मराबिनसाठी दोन खुर्च्या

मराबिन,
९ फेब्रुवारी

प्रिय मेरिडी,

आशीर्वाद. तू बरी असशील असं धरून चालतो, कारण फोनवर तू नेहमी बरीच असतेस आणि नेहमी मीटिंगमध्ये असतेस. पत्रं लिहायचं काम तुझ्या आईचं होतं. ती गेल्यापासून मी फोन करतो, पण फोनवर विचारायचं असतं एक आणि बोलतो मी पावसावर. म्हणून आज कागद घेतला. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या माणसाचं पत्र आहे, तुझ्या ऑफिसातल्या कागदांसारखं तपासत बसू नकोस.

उन्हाळा संपत आला तरी इथे अजून ऊन उतरत नाही. नदीत पाणी नाही, नुसती खोडं वर आलीत. मागच्या दारचे टोमॅटो यंदा भरमसाट आले, सगळे शेजारणीला देऊन टाकले. बटाटेही दिले. मला हल्ली नकोसे वाटतात. कुत्रा ठीक आहे.

आता मुद्द्याचं. मर्व्हचं तुला माहीत आहे. मर्व्ह टकर, ज्याच्याबरोबर मी तीस वर्षं काउन्सिलचं रस्ते सपाट करायचं यंत्र आळीपाळीनं चालवलं. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार अंधारात उठून तो डब्बोला जातो. अडीच तासांचा रस्ता. तिथे पाच तास खुर्चीत बसून रक्त धुऊन घेतो, आणि परत अडीच तास. डल्सी आंटीचंही तेच. हॉस्पिटलची गाडी आली तर गाडीनं, नाहीतर मर्व्हच्या गाडीनं. परत येताना मर्व्हला झोप येते, म्हणून डल्सी आंटी त्याला घरापर्यंत शिव्या देत आणते. रस्त्यावर कांगारू आणि आत ही दोघं. एक दिवस काहीतरी होणार, मला सारखी तीच धास्ती वाटते.

तर परवा गावच्या बोल्स क्लबात सभा झाली. आपली अपक्ष खासदार रॉझलिन क्वेड आली होती. निवडून यायच्या आधी ती गुरांची डॉक्टर होती आणि अजूनही समोरच्या माणसाच्या पायांकडे आधी बघते, मग तोंडाकडे. ती म्हणाली, "तुम्हाला काय हवंय ते एका कागदावर नीट लिहून द्या. मी तो कॅनबेराला संसदेच्या बजेट ऑफिसला पाठवते. ते सरकारचे नाहीत आणि माझेही नाहीत. एखाद्या गोष्टीला किती पैसे लागतील ते सांगतात, बस. तो आकडा हातात असला की मंत्री मला 'बाई, तुमचा हिशेब कच्चा आहे' म्हणून वाटेला लावू शकत नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी मान जरा ताठ झाली असेल. नेव्हिल बारमागून म्हणाला, "लायल, तुझी पोरगी तिथेच ना? मग झालं की काम." रॉझलिन लगेच म्हणाली, "तिथे तसं चालत नाही, नेव्हिल." पण हसून म्हणाली, म्हणजे थोडंफार चालत असेल.

मग काय लिहायचं यावर चर्चा. मर्व्ह म्हणाला, "लिहा, मराबिनच्या हॉस्पिटलात दोन खुर्च्या. एवढंच." मी उठलो. म्हटलं, नुसतं आपल्यापुरतं मागणं बरं दिसत नाही. लोक म्हणतील मराबिनवाले आपली पोळी भाजून घेतायत. आपल्यासारखी गावं देशभर आहेत. जिथे तासाभराच्या अंतरात सोय नाही अशा प्रत्येक गावाला चार खुर्च्या मागा, नर्ससकट. टाळ्या पडल्या. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा मला एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या. डल्सी आंटी तेवढी म्हणाली, "हा लायल असाच. चहा स्वतःला हवा असतो, तर सगळ्या खोलीला विचारत फिरतो."

तर तो कागद तुझ्याकडे येईल. नीट बघ. खोटं कर असं मी म्हणत नाही, पण आकडा जरा सोसेल असा निघू दे. तुझं बालपण याच गावात गेलंय.

माझे बूट घट्ट व्हायला लागलेत. उन्हानं चामडं आटलं असणार. नवे घ्यावेत की कसं, कळत नाही.

तुझा,
बाबा


मराबिन,
१२ मार्च

मेरिडी,

आशीर्वाद आहेतच, ते काही मी परत घेतलेले नाहीत. पण परवाचा तुझा फोन माझ्या डोक्यातून जात नाही. फोनवर मला बोलायला सुचलं नाही, आता सुचतंय.

मी साधं विचारलं, आमचा कागद आला का. तू म्हणालीस, "बाबा, असा कागद आला की नाही हेही मी सांगू शकत नाही." बरं. मग म्हणालीस, "आणि आला असला तरी माझा त्याच्याशी संबंध नसेल. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी साहेबांना सांगितलं, माझं गाव आणि माझे वडील यात आहेत, हे काम माझ्याकडे देऊ नका."

म्हणजे माझं पत्र तू साहेबाला दाखवलंस. तू म्हणालीस दाखवलं नाही, सांगितलं. काय फरक आहे? तुला शिकायला पाठवलं तेव्हा मी रविवारीसुद्धा यंत्रावर बसलो. त्याबद्दल मी कधी बोललो नाही, आताही बोलत नाही. पण एवढं शिकून तिथवर पोचलीस, आणि जेव्हा गावाला तुझी गरज पडली तेव्हा तू पहिल्याच दिवशी खुर्ची मागे सरकवून बाजूला झालीस. क्लबात सगळे विचारतात, "काय म्हणते मेरिडी?" मी सांगतो, कामात आहे. आणखी काय सांगू?

रॉझलिनचाही तोच प्रकार. शनिवारी कृषी प्रदर्शनात भेटली, कालवडींच्या स्पर्धेत परीक्षक होती. मी कठड्यापाशी जाऊन विचारलं, "आकडा आला?"

"आला."

"किती?"

तिनं कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला. "लायल, तो कागद मी मागवलाय, म्हणून तो माझा. मी दाखवेपर्यंत कुणी दाखवणार नाही. ऑफिसही नाही आणि तुझी मुलगीही नाही."

"मग तू दाखव."

"दाखवला तर तुमचंच नुकसान आहे. मला जरा विचार करू दे."

"मर्व्हकडे विचार करायला वेळ नाही."

"मर्व्हकडे?" ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे आधी खाली, मग वर. "जरा लांब हो. कालवड बुजतेय तुझ्या आवाजानं."

असलं हे तुमचं स्वतंत्र ऑफिस. प्रश्न आमचा, पैसे आमच्या करातले, आणि उत्तर कपाटात. तू माझी मुलगी आहेस की त्या कपाटाची?

बुधवारी मर्व्हबरोबर डब्बोला गेलो होतो, सोबत म्हणून. त्याला गाडी चालवताना कुणीतरी हवं. तिथली नर्स चांगली आहे. सगळ्यांना नावानं ओळखते. खुर्च्यांना निळं कातडं आहे आणि खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते, आणखी काही नाही. पाच तास तेच बघायचं. मर्व्ह म्हणतो त्याला आता सगळ्यांच्या गाड्यांचे नंबर पाठ झालेत.

बूट घेतले. एक माप मोठे.

बाबा


मराबिन,
३० मार्च

मेरिडी,

आकडा कळला. तुला माहीत असेल किंवा नसेल, मी विचारत नाही, कारण तू सांगणार नाहीस.

रॉझलिननं आमच्या समितीला बोलावून कागद दाखवला आणि म्हणाली, हे या खोलीबाहेर जाऊ देऊ नका. नेव्हिलनं तो संध्याकाळपर्यंत बारवर सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर. दहा वर्षांत एकशे तीस कोटी डॉलर. सत्ताधारी पक्षाचा उमेदवार, तो ट्रॅक्टर विकणारा, रेडिओवर म्हणतो कसा, "मराबिनच्या मंडळींना सोन्याच्या खुर्च्या हव्यात असं दिसतंय. आणि हे मी म्हणत नाही, हा संसदेच्या स्वतंत्र ऑफिसचा आकडा आहे." स्वतंत्र हा शब्द त्यानं चार वेळा घेतला. रॉझलिननं आमच्या हातात काठी द्यायला म्हणून तो आकडा मागवला होता, आणि ती काठी आता त्याच्या हातात आहे.

मला एवढंच कळत नाही की तुम्ही लोक मोजता तरी काय. खुर्ची मोजा, यंत्र मोजा, ठीक. नर्सची घरं कशाला मोजली? पाणी शुद्ध करायचं वेगळं यंत्र कशाला? आमच्याकडे काय पाणी नाही? बरं, नाहीये, ते मान्य. वीज गेली तर चालवायला जनरेटर, नर्स सुट्टीवर गेली तर दुसरी नर्स, आणि ती विमानानं येणार म्हणून तिचं तिकीट. माणूस मरायला टेकलाय आणि हे तिकीट मोजतायत.

आणि शेवटी काय म्हणतात? करा असं म्हणत नाहीत, करू नका असंही म्हणत नाहीत. नुसता आकडा मांडून बाजूला. अशा ऑफिसचा उपयोग काय? पंचानं निदान आऊट की नॉट आऊट सांगावं. तुमचे पंच खेळपट्टी मोजून घरी जातात.

मर्व्हनं डब्बोत खोली बघितली आहे. जूनअखेर जाणार. साठ वर्षं इथे काढलेला माणूस त्या गाड्यांच्या जागेशेजारी राहायला जाणार. त्याला म्हटलं, तुझा कुत्रा मला दे, तर म्हणतो, "तुला झेपेल का, लायल?" मी म्हटलं, मला काय झालंय?

रात्री अंगाला खाज सुटते. हवा कोरडी आहे. तोंडाला तांब्याच्या नाण्यासारखी चव येते, बिअरही गोड लागत नाही.

बाबा


मराबिन,
१४ एप्रिल

प्रिय मेरिडी,

तुझं कार्ड आलं. पुढे कॅनबेराच्या तळ्याचं चित्र, मागे एवढंच. "बाबा, ऑफिस विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं. प्रश्न कुणी लिहिला?"

दोन दिवस मी ते फ्रिजवर उलटं लावून ठेवलं होतं, तळं आत आणि अक्षर बाहेर, म्हणजे येता-जाता राग यावा. राग आला. मग राग शिळा झाला तसा मी रॉझलिनकडून तो कागद मागून आणला आणि चष्मा लावून वाचायला बसलो. मला दीड दिवस लागला. अवघड शब्द शेजारणीच्या सुनेला विचारले.

पहिल्याच पानावर प्रश्न छापलाय. माझ्याच शब्दांत, क्लबात मी बोललो तसाच्या तसा. "जिथे तासाभराच्या अंतरात सोय नाही अशा प्रत्येक गावाला चार खुर्च्या." मग तुमच्या लोकांनी बसून तसली सगळी गावं शोधून काढली. एकशे साठ निघाली. काही बेटांवर, काही वाळवंटात, जिथे नर्स नाही, घर नाही, पाणी तर नाहीच. ती सगळी त्यांनी मोजली, कारण मी त्यांना मोजायला सांगितली होती. मी पुन्हा पुन्हा शोधलं, कागदात एकही खोटं वाक्य सापडलं नाही. वैताग तोच तर आहे. खोटं असतं तर मी रेडिओवर फोन केला असता.

मराबिनच्या हॉस्पिटलात मागची खोली रिकामी आहे, बाळंतपणं बंद झाल्यापासून. पाणी शुद्ध करायचं यंत्र शस्त्रक्रियेच्या खोलीसाठी बसवलेलं, तेही पडून आहे. बेकरीवाल्याची बायको डायलिसिसची नर्स, डब्बोत होती, लग्न करून इथे आली आणि आता पाव विकते. यातलं काहीही त्या कागदात नाही, कारण आम्ही ते लिहिलंच नव्हतं. मर्व्ह सांगत होता दोन खुर्च्या म्हणून. दोन खुर्च्या मागितल्या असत्या तर हे सगळं लिहावं लागलं असतं. कुणासाठी हव्यात तेही लिहावं लागलं असतं.

शुक्रवारी पुन्हा डब्बोला गेलो. या वेळी गाडी हॉस्पिटलची होती, ड्रायव्हर वेगळा, म्हणून परत येताना आम्ही तिघं मागे. मर्व्ह झोपला. डल्सी आंटी मला म्हणाली, "लायल, तू या गाडीत का येतोस?"

"सोबतीला."

"सोबतीला आलेला माणूस बडबड करतो. तू खिडकीला डोकं टेकून बसतोस. आणि आत मर्व्हला यंत्राला जोडलं की तू अर्धा तास कुठे जातोस?"

"चहा प्यायला."

"चहाची टपरी इकडे आहे. तू तिकडे जातोस, डॉक्टरच्या दाराकडे." मग हळू बोलली, मर्व्ह उठू नये म्हणून. "मी पण त्या सभेत होते. तू का उठलास ते मला तेव्हाच कळलं होतं. सगळ्या देशासाठी मागितलं की कुणी विचारत नाही, तुला कशाला हवंय. माझ्या लोकांनी, इथल्या मूळच्या लोकांनी, दोनशे वर्षं मागून बघितलं, लायल. थोडं मागितलं तर थोडं मिळतं. सगळं मागितलं तर टाळ्या मिळतात."

मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. त्यात तुझ्या कामाचं काही नाही.

निवडणूक जाहीर झाली हे तुला माहीतच आहे. दर खांबावर तो ट्रॅक्टरवाला हसतोय. माझ्या फाटकासमोरच्या खांबावरसुद्धा.

तुला येत्या थंडीसाठी लोकरीचं काही हवंय का? तुझ्या आईची निळी शाल पेटीत आहे. वास येतो थोडा, पण उबदार आहे.

तुझा,
बाबा


मराबिन,
२८ एप्रिल, सोमवार

माझ्या मेरिडी,

हे पत्र मी जलद टपालानं पाठवतोय. पोस्टातली बाई म्हणाली बुधवारी मिळेल, आणि मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. गुरुवारच्या आत तुझ्या हातात पडायला हवं. फोन करून बघितला. काल दोनदा केला. तू उचललास तेव्हा मी पावसावर बोललो. म्हणून पुन्हा कागद.

शनिवारी रॉझलिनच्या ऑफिसात गेलो. बाहेर तिची माणसं पत्रकं घड्या घालत होती. मी म्हटलं, "तो प्रश्न परत पाठव. या वेळी फक्त मराबिन. दोन खुर्च्या. मागची रिकामी खोली, असलेलं पाणी, बेकरीवाल्याची बायको."

तिनं पेन खाली ठेवलं. "आता पाठवला तर लपून राहणार नाही, लायल. निवडणूक लागलीय, काळजीवाहू सरकार आहे. या दिवसांत ऑफिसकडे जे विचारलं जातं ते सगळ्यांना दिसतं. प्रश्नही आणि उत्तरही, त्यांच्या वेबसाइटवर. आकडा वाईट निघाला तर मी तो खिशात घालू शकणार नाही."

"घालू नकोस."

"तो ट्रॅक्टरवाला पहिला वाचेल."

"वाचू दे. त्याला वाचता येतं का ते तरी कळेल."

ती हसली नाही. कागद ओढला आणि लिहायला लागली. खोली, पाणी, नर्स, सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "रुग्ण किती?"

"दोन."

"मर्व्ह आणि डल्सी."

"हो."

"मर्व्ह जूनअखेर जाणार. म्हणजे एक. एका माणसासाठी दोन खुर्च्या आणि एक नर्स. ऑफिस विचारेल, लायल. ते विचारतातच. आणि विचारायलाच हवं त्यांनी."

"खुर्ची आली तर मर्व्ह परत येईल."

"मग दोन." ती पेन धरून थांबली. "मी बावीस वर्षं गुरं तपासली. त्यांना कुठे दुखतं ते सांगता येत नाही, आणि काही गुरं तर लपवतात. कळपात मागे पडू नये म्हणून चांगली चालून दाखवतात. तू फेब्रुवारीत त्या क्लबात उभा राहिलास तेव्हा तुझ्या बुटांचे बंद सोडलेले होते. प्रदर्शनात आलास तेव्हाही. आता नवे बूट आहेत आणि त्यांचेही सोडलेत. किती लिहू?"

खिडकीबाहेर एक बाई फुगे बांधत होती. मी म्हटलं, "तीन लिही."

तिनं तीन लिहिलं. नाव लिहीत नाहीत, नुसता आकडा.

तो कागद गुरुवारी सगळ्यांना दिसेल. मला माहीत आहे, तुला त्या कामाला हात लावायचा नाही आणि तू लावणार नाहीस. पण गावाचं नाव दिसलं की वाचशील. वाचशील तेव्हा तिथे लिहिलेलं असेल, मराबिनमध्ये डायलिसिस लागणारे किंवा वर्षात लागतील असे रुग्ण तीन. दोघांना तू ओळखतेस. तू लहानपणापासून मोजणारी आहेस. जेवायच्या टेबलावर एक काटा कमी असला तर तूच आधी ओरडायचीस. तू तिथे थांबशील, आणि मला नको होतं की हे तुला तुमच्याच वेबसाइटवरून कळावं.

नोव्हेंबरपासून माहीत आहे मला. डॉक्टर म्हणतो येता हिवाळा, ऑगस्टपर्यंत, निघेल, त्यानंतर यंत्राशिवाय नाही. दंडात नळी जोडायची तयारी आताच करायला हवी म्हणतो, मी पुढे ढकलत होतो. बाकीचं तू पथ्यात न बसणाऱ्या टोमॅटोवरून आणि सुजल्या पायांच्या बुटांवरून ओळखलं असतंस, पण माझ्या पत्रात तू तक्रारी वाचत होतीस आणि मी तक्रारीच लिहीत होतो. दोघांचंही त्यातच भागत होतं.

तुला का नाही सांगितलं, याचं उत्तर मी बरेच दिवस तयार ठेवलं होतं. सांगितलं तर तुला ऑफिसात अडचण होईल, असं. छान उत्तर आहे. पण तू तर पहिल्याच दिवशी बाजूला झाली होतीस, तेव्हा ते टिकत नाही. खरं असं की तुझी आई शेवटी आजारी होती तेव्हा तू दर आठवड्याला सहा तास गाडी चालवून यायचीस, आणि परत जाताना तुझा चेहरा कसा असायचा ते मी फाटकातून बघायचो. डब्बोचा रस्ता मला झेपत नाही. कॅनबेराचा तुला पुन्हा तुडवायला लावायचा नव्हता. मला इथे, या घरात, माझ्या कुत्र्यापाशी राहायचंय. एवढंच हवं होतं. तेवढंच मागायला तोंड उघडलं नाही, आणि एकशे साठ गावं मध्ये घातली.

मर्व्हला काल सांगितलं. त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे इतके महिने मी गाडी चालवत होतो आणि तू माझी सोबत करत होतास, असं मी लोकांना सांगत होतो." मी म्हटलं, हो. म्हणाला, "पेट्रोलचे अर्धे दे."

अजूनही मला राग आहे, तो गेलेला नाही. आकडा लहान निघेल, मला दिसतंय, पण लहान आकड्यालाही नाही म्हणता येतं. ट्रॅक्टरवाला म्हणेल, तीन माणसांसाठी एवढे? रॉझलिन निवडून येईल न येईल. आली तरी नवं सरकार तिचं ऐकेल असं कुठे लिहिलंय? तुझं ऑफिस करा म्हणणार नाही. नर्सचं तिकीट मात्र मोजेल. पण परवा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या एक सुचलं. एकशे तीस कोटींना नाही म्हणताना कुणालाच नाही म्हणावं लागत नाही. तीन माणसांना नाही म्हणायचं असेल तर आमच्याकडे बघावं लागेल. प्रश्न नीट विचारला असेल तर तुमचा आकडा एवढं करतो बहुतेक. एवढ्यासाठी ते ऑफिस असेल तर असू दे. मला आवडलंच पाहिजे असं नाही.

आता तुला साहेबाला आणखी एक गोष्ट सांगावी लागेल. सांग. या वेळी मी कुरकुर करणार नाही.

आणि मग ये. शनिवार-रविवार पुरे. आकड्याचं काही बोलू नकोस, मी विचारणार नाही. निळी शाल दोरीवर टाकली आहे, वास बराच गेलाय. स्वयंपाक तू कर, मला काय काय चालतं ते बेकरीवाल्याच्या बायकोनं लिहून दिलंय, फार काही चालत नाही. दुपारी मर्व्ह आणि डल्सी आंटीलाही बोलावू. टेबलावर काटे बरोबर मांड.

वाट बघत आहे,

त्या कागदावरचा तिसरा,
तुझा बाबा